हैदराबाद ते वेरूळ : कोरलेल्या डोंगरांची वाट

(हैदराबाद येथील मराठी भाषकांच्या व शिक्षकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. मराठवाड्यातील ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांनाही तो उपयुक्त वाटेल, म्हणून येथे देत आहोत.)



हैदराबादेत मराठीतून बोलण्याची संधी मिळणे ही आनंदाची गोष्ट आहे. येथील विवेक वर्धिनीसारखी संस्था १९०७ पासून मराठी शिक्षणाचा दीप तेवत ठेवीत आली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि हे शहर एकाच राज्यात नांदत होते. त्यामुळे आपल्यापैकी अनेक घराण्यांची मुळे बीड, लातूर, नांदेड, धाराशिव या भागांत आहेत. सुटीत आपण गावी जाता, मुलांची सहल काढता. त्या प्रवासाविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हैदराबादहून वेरूळला जाणारी वाट साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास आहे. आपल्याकडील बहुतेक प्रवासी ती एका दमात पार करतात, कैलास लेणे पाहतात, अजिंठा पाहतात आणि परततात. परंतु या वाटेवर आणि तिच्या आजूबाजूला माणसाने कोरलेले आणखीही डोंगर उभे आहेत. खरोसा, धाराशिव, अंबाजोगाई ही नावे आपण ऐकलेली असतात, परंतु तेथे गाडी थांबत नाही. ती का थांबली पाहिजे आणि थांबल्यावर आपले कर्तव्य काय, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय.

आणलेला दगड आणि कोरलेला डोंगर

प्रचंड शिल्प म्हटले की हैदराबादकरांच्या डोळ्यांसमोर हुसेनसागरातील बुद्धमूर्ती येते. सुमारे ५८ फूट उंचीची ही अखंड मूर्ती भोनगीरजवळील रायगिरी येथील ग्रॅनाइटमधून घडविली गेली. १० मार्च १९९० रोजी ती तलावातून नेत असता तराफा बुडाला, मूर्ती तळाशी गेली आणि माणसांचे प्राणही गेले. दोन वर्षांहून अधिक काळ मूर्ती पाण्याखाली होती. १ डिसेंबर १९९२ रोजी ती पुन्हा उभी राहिली. अमेरिकेतील रशमोर पर्वतावर चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे १९२७ ते १९४१ या काळात कोरले गेले. त्यांतील एकेक चेहरा सुमारे ६० फुटांचा, म्हणजे आपल्या बुद्धमूर्तीएवढा आहे. तेथील बहुतेक खडक सुरुंगांनी फोडावा लागला.

या दोन उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आहे. घडविलेली मूर्ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते, बुडाली तर वर काढता येते. डोंगरात कोरलेले शिल्प मात्र डोंगराचाच भाग असते. ते वस्तुसंग्रहालयात हलविता येत नाही. त्याच्यावर छप्पर नसते, त्याला कुलूप घालता येत नाही. पायथ्याच्या गावाने राखले तरच ते राहते. अफगाणिस्तानातील बामियान येथे कड्यात कोरलेल्या दोन भव्य बुद्धमूर्ती सुमारे दीड हजार वर्षे उभ्या होत्या. त्यांतील मोठी ५५ मीटर उंचीची होती. मार्च २००१ मध्ये त्या स्फोटकांनी उडवून देण्यात आल्या, तेव्हा त्या वाचविण्यासाठी कोणालाही त्या तेथून हलविता आल्या नाहीत. आपल्याकडे तसा स्फोट होत नाही हे खरे. परंतु पाणी, मुळे, चुना, रंग आणि खिळ्याचे टोक हीसुद्धा संथपणे तेच काम करीत असतात.

वाटेत तीनदा बदलणारा दगड

ही वाट शिक्षकांसाठी भूगोलाचे उघडे पुस्तकच आहे. हैदराबादच्या परिसरात एकावर एक रचल्यासारखे गोल, प्रचंड धोंडे दिसतात. तो ग्रॅनाइट. तो अत्यंत जुना आणि अत्यंत कठीण असतो. संगारेड्डी मागे टाकून जहीराबादकडे निघालो की जमीन तांबडी होऊ लागते. हा जांभ्याचा पट्टा बीदरच्या पठारापर्यंत पसरला आहे. तेथून हुमनाबादवरून उमरग्याकडे वळलो की काळी कापसाची जमीन आणि तिच्याखालचा काळा पाषाण सुरू होतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा पाषाण तयार झाला. सह्याद्रीच्या आणि बालाघाटच्या डोंगरांना ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या थरांच्याच होत.

दगड बदलतो तशी शिल्पाची जातही बदलते. ग्रॅनाइटमधून सुटी मूर्ती घडवावी, पण त्यात मोठी दालने पोखरणे दुष्कर. जांभा टाकीला लवकर वश होतो, मात्र तो सच्छिद्र असल्याने पाणी पितो व झिजतो. काळ्या पाषाणाचा एकसंध जाड थर मिळाला तर त्यात अख्खे मंदिर उतरविता येते आणि त्याची रेघ हजार वर्षे टिकते. मुलांच्या हाती प्रत्येक ठिकाणचा रस्त्याकडेचा एकेक खडा द्यावा. लेण्यातला तुकडा मात्र कधीही उचलू देऊ नये. एवढ्याने अर्धा धडा पुरा होतो.

ज्यांच्यापाशी गाडी थांबत नाही

उमरग्याहून लातूरकडे जाताना किल्लारीचा परिसर लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात येथील गावेच्या गावे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली आणि हजारो माणसे दगावली. तेथे क्षणभर थांबून पुढे निघावे. याच औसा तालुक्यात खरोसा हे गाव आहे. गावाजवळच्या बुटक्या टेकडीत, जांभ्याच्या दगडात, शैव आणि वैष्णव लेणी आहेत. ती इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमाराची मानतात. नरसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण अशी शिल्पे तेथे ओळखू येतात. ‘ओळखू येतात’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, कारण जांभ्याची झीज अशी आहे की काही ठिकाणी चेहऱ्याची रेघ हरपली असून केवळ देहाची ठेवण उरली आहे. खरोशाचे लेणे पाहण्यास आज जो जाईल, त्याला त्याच्या नातवाहून अधिक दिसेल.

थोडी वाकडी वाट केली तर धाराशिव. शहरापासून काही किलोमीटरांवर, बालाघाटच्या एका घळीत सात लेण्यांचा समूह आहे. त्यांतील दुसऱ्या लेण्याची मांडणी अजिंठ्याच्या विहारांशी मिळतीजुळती आहे. मध्ये सुमारे ८० फूट लांब-रुंद सभामंडप, भोवती राहण्याच्या खोल्या आणि समोर गाभारा. ही लेणी मूळची बौद्ध की जैन, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बौद्ध लेण्यांचे पुढे जैन लेण्यांत रूपांतर झाले, असेही काहींचे मत आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश भाषेतील काव्यात तेरजवळच्या लेण्यांचा वृत्तान्त आला आहे, तो याच स्थळाचा मानतात. म्हणजे जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच ही लेणी ‘प्राचीन’ म्हणून गणली जात होती. ते तेर म्हणजे रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले तगर, आणि आपल्या संत गोरोबाकाकांचे गाव. तेथील लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे.

पुढे अंबाजोगाई. योगेश्वरीच्या दर्शनाला सारे जातात, आद्यकवी मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाधींपुढे नतमस्तक होतात. परंतु तेथून जवळच असलेल्या ‘हत्तीखाना’ नावाच्या लेण्याकडे थोड्यांचेच पाय वळतात. खडक खोदून केलेले अंगण, त्यात दगडाचेच हत्ती, मागे खांबांचा मंडप. हे पाहिले म्हणजे पुढे कैलासाच्या पायथ्याचे हत्ती अधिक चांगले कळतात.

कैलास : शिखरापासून पायापर्यंत

बीड, गेवराई करीत शहागडजवळ गोदावरी ओलांडली की छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, जवळ येते. तेथून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. वाटेत देवगिरीचा डोंगर आहे. त्याच्या कडा चोहोबाजूंनी तासून उभ्या भिंतीसारख्या केल्या आहेत. संरक्षणासाठी तासलेला डोंगर येथे पाहावा आणि उपासनेसाठी कोरलेला डोंगर पुढे पाहावा.

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध, पुढील १७ हिंदू आणि अखेरची ५ जैन आहेत. सुमारे चारशे वर्षांत एकाच डोंगराच्या कुशीत तीन धर्मांनी शेजारी शेजारी टाकी चालविली. दहाव्या लेण्याला गावकरी ‘सुतार झोपडी’ म्हणतात, कारण त्याच्या छताला दगडात लाकडाच्या तुळया कोरल्या आहेत. विद्वानांनी दिलेल्या क्रमांकापेक्षा हे नाव किती बोलके आहे!

सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे आठव्या शतकातले. डोंगराच्या उतारावर वरून खाली सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागील बाजूस १०७ फूट खोल असा खळगा खणून मध्ये दगडाचा प्रचंड ठोकळा शिल्लक ठेवला आणि त्यातून मंदिर घडविले. बांधकामात पाया आधी आणि शिखर शेवटी असते. येथे शिखर आधी झाले आणि पाया शेवटी उघडा झाला. बांधताना चुकलेला दगड काढून दुसरा बसविता येतो. येथे उडालेली कपार परत चिकटविता येत नव्हती. खाली कोठे खांब येणार, कोठे हत्ती येणार आणि कोठे जिना, हे वरचा दगड फोडतानाच मनात निश्चित असले पाहिजे. मंदिराची घडण पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी व कांचीच्या कैलासनाथाशी नाते सांगते. दक्षिणेकडील कारागिरांचे ज्ञान उत्तरेकडे आले, ते दख्खनच्या याच पठारावरून.

या कर्तृत्वाचे आश्चर्य आपल्याआधी आपल्या पूर्वजांनाही वाटले होते. बडोदे येथे मिळालेल्या इ.स. ८१२ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात एलापूरच्या मंदिराचा गौरव आहे. हे आपल्या हातून कसे घडले, असा अचंबा खुद्द घडविणाऱ्यालाच वाटला, अशा आशयाचे वर्णन त्यात आहे. मराठीत कृष्ण याज्ञवल्की याच्या ‘कथाकल्पतरू’त पैठणच्या कोकास शिल्प्याची कथा आहे. देवालयाचे शिखर पाहीपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीचा नवस. इतर शिल्पी म्हणाले, याला तर महिनोन् महिने लागतील. कोकासाने डोंगराच्या माथ्यापासूनच काम सुरू केले आणि शिखर आधी दाखविले. ही कथा इतिहास नव्हे. परंतु शिखरापासून पायापर्यंत खोदण्याची रीत लोकस्मृतीने किती अचूक जपली, हे तीवरून दिसते.

हैदराबादचा वाटा

बंधू-भगिनींनो, या ठेव्याच्या जतनात आपल्या या शहराचाही वाटा आहे. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते स्थापन झाले व गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठा आणि वेरूळ या दोन्ही स्थळांची देखभाल त्या खात्याकडे होती. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरील त्यांचा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. आपल्या पब्लिक गार्डनमधील वस्तुसंग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. सहलीपूर्वी मुलांना त्या दाखवाव्यात.

त्याच काळातली एक गोष्ट बोधप्रद आहे. १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावून अजिंठ्याची सुटू लागलेली चित्रे भिंतीला पक्की करण्यात आली. त्या कामामुळे पुष्कळ चित्रे वाचली. परंतु त्या काळच्या ज्ञानानुसार चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला आणि तो काढून टाकण्यासाठी नंतरच्या रसायनतज्ज्ञांना मोठे कष्ट घ्यावे लागले. निष्णात माणसाने सद्भावनेने केलेल्या उपायाचीही अशी गत होऊ शकते, तर मग आपण हौसेने फासलेल्या रंगाचे काय होईल?

भक्ती, हौस आणि हानी

प्रसिद्धी हे माझे काम आहे. अधिकाधिक लोकांनी ही स्थळे पाहावीत असे मला वाटते. तथापि केवळ गर्दीने स्मारक टिकत नाही, हेही मला सांगितले पाहिजे. अजिंठ्याला माणसांच्या श्वासातील दमटपणा चित्रांना मारक ठरतो, म्हणून चित्रे असलेल्या लेण्यांत ठरावीक संख्येनेच प्रवेश देतात आणि खाजगी वाहने काही किलोमीटर अलीकडे थांबवून प्रवाशांना बसने नेतात. अनेकांना हा त्रास वाटतो. तो त्रास नसून पुढच्या पिढीसाठी आपण भरलेला कर आहे.

लहान लेण्यांची अडचण याच्या उलट आहे. तेथे पाहणारे कमी आणि राखणारे त्याहून कमी. एका लेण्याच्या खांबावर एका शाळेचे नाव आणि सहलीचे साल खिळ्याने कोरलेले मी पाहिले आहे. शाळेचे नाव येथे सांगत नाही. ज्या मुलाने ते कोरले त्याला खांब जुना आहे हे ठाऊक होते, पण खांब आपला आहे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या एका ठिकाणी भाविकांनी मूर्तीला ऑइलपेंट दिला होता आणि गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी बसविली होती. त्यामागचा भाव निर्मळ होता याविषयी मला शंका नाही. परंतु रंगाचा थर दगडातील ओल आतच कोंडतो आणि पापुद्रा सुटतो तेव्हा मूर्तीची कातडीही घेऊन जातो. सिमेंटचेही तेच. देवाची सेवा करावयाची तर लेण्याच्या माथ्यावरील पाण्याचा चर दर पावसाळ्यापूर्वी मोकळा करावा, ही खरी सेवा होय. मात्र तीही संबंधित खात्याला विचारूनच करावी.

कायदा आहे. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा, असे दोन अधिनियम प्राचीन स्मारकांचे संरक्षण करतात. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद ५१-क सांगतो. परंतु प्रत्येक खांबापाशी शिपाई उभा करता येत नाही. प्रत्येक गावात जाणता माणूस मात्र असू शकतो.

प्रत्येकाने काय करावे

शिक्षकांना माझी विनंती आहे की, सहलीच्या कार्यक्रमात वेरूळबरोबर वाटेवरचे एक तरी लहान लेणे घालावे. निघण्यापूर्वी वर्गात त्याची माहिती सांगावी. तेथे मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यावी आणि एक खांब किंवा एक मूर्ती रेखाटण्यास सांगावे. ज्या मुलाने खांब अर्धा तास न्याहाळून काढला, तो त्यावर नाव कोरणार नाही. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवावेत. हिवाळ्यात निघावे, पाणी व विजेरी बरोबर घ्यावी आणि कचरा परत आणावा.

ग्रामस्थ बंधूंनी लेण्याचा विषय ग्रामसभेत आणावा. भिंतीत मूळ शिरले, छतातून नवी गळती लागली, शेजारी दगडखाणीचे सुरुंग उडू लागले, तर पुरातत्त्व खात्यास लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच ठेवावी. गावातील दोन-चार तरुणांनी लेण्याची नीट माहिती मिळविली, तर आल्या-गेल्याला ते चांगले वाटाडे होतील आणि त्यांना चार पैसेही मिळतील.

अधिकारी बंधूंनी फाट्यावर ठळक पाटी, चालण्यासारखी वाट, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह या चार गोष्टी लहान लेण्यांच्या वाट्यालाही येतील, हे पाहावे. पाटी नाही म्हणून प्रवासी थांबत नाही, प्रवासी थांबत नाही म्हणून पाटी लावली जात नाही, हे चक्र कोठे तरी थांबले पाहिजे.

आणि आपण हैदराबादकर मराठी मंडळींनी गावी जाताना एक मुक्काम वाढवावा. ज्या डोंगराने बाराशे-चौदाशे वर्षे आपली वाट पाहिली, त्याला आपण आपल्या सुटीतला एक दिवस देऊ शकतो. पाहिलेल्या गोष्टीविषयी आपुलकी उपजते, आणि ज्याविषयी आपुलकी आहे ते माणूस राखतो. वेरूळचा कैलास जगाने पाहिला आहे. १९८३ पासून वेरूळ व अजिंठा जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत आणि त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. खरोशाच्या नरसिंहाला मात्र आपल्याशिवाय कोणी नाही. त्याच्या चेहऱ्यावरची उरलीसुरली रेघ आपल्या मुलांनाही पाहता यावी, एवढी इच्छा व्यक्त करतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!